भाकरीची पाळी आणि शीलाचे शिक्षण

शाळेत नीती शिकवावी कशी, हा प्रश्न महाराष्ट्रात इंग्रजी शिक्षणाइतकाच जुना आहे. सुरुवातीला त्याचे उत्तर पुस्तकांतून शोधले गेले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ आणि ‘बाळमित्र’ ही भाषांतरे १८२८ च्या सुमारास निघाली, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी गोष्ट व तिच्या शेवटचे तात्पर्य हाच नीतिपाठाचा साचा मानला. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने तर याला सरकारी रूप देऊ पाहिले. सर्व धर्मांना मान्य होतील अशा तत्त्वांवर नीतीचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे आणि प्राचार्यांनी किंवा प्राध्यापकांनी दरवर्षी माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत, अशी त्याची शिफारस होती. आयोगाचे एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी आपले वेगळे मत लेखी नोंदवले. नीती व्याख्यानांनी अंगी बाणत नाही, ती शिक्षकांच्या सहवासातून आणि विद्यालयाच्या एकंदर वातावरणातून येते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पाठ्यपुस्तकाची कल्पना पुढे मागे पडली. मात्र वातावरण म्हणजे नेमके काय आणि ते कुणी, कुठे, कशाच्या बळावर निर्माण करायचे, याचा उलगडा तेलंगांच्या टिपणात नव्हता. तो पुढच्या अर्धशतकात झाला, आणि बराचसा वर्गाबाहेर झाला. मुले जिथे झोपत, जेवत, भांडी घासत आणि भांडत, त्या वसतिगृहांत तो झाला.

वसतिगृहे निघण्याआधीही परगावी राहून शिकणारी मुले होतीच. पुणे, सातारा, कोल्हापूर अशा गावांत गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास घडे. काही मुले माधुकरी मागत, काही नातेवाइकांकडे आश्रित म्हणून राहत आणि घरची पडेल ती कामे करून शाळा गाठत. या जगण्याने अनेकांना काटक केले, कित्येकांना मिंधेही केले. शिवाय ही सोय जातीच्या कुंपणातली होती. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला वार कोण देणार? त्याच्यासाठी तालुक्याच्या गावी राहण्याची जागाच नव्हती, आणि जागा नाही म्हणून शाळाही नव्हती.

वार आणि माधुकरीला पहिले संघटित रूप पुण्यात आले. १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने माधुकरी मागणाऱ्या मुलांना एका छपराखाली आणले. मिळालेले अन्न एकत्र करून वाटून खायचे, आणि शिक्षणाबरोबर एखादा धंदाही शिकायचा, अशी तिथली रीत होती. संस्थेचा छापखाना मुलांच्या हातांनी चाले. याच सुमारास राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग तळेगाव दाभाडे येथे चालू होता. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या समर्थ विद्यालयात मातृभाषेतून शिक्षण, व्यायाम, उद्योग आणि देशभक्ती यांची सांगड घातलेली होती. मुलांचे शील घडवायचे ते देशाच्या कामासाठी, हा हेतू तिथे उघड होता, आणि तो उघड असल्यामुळेच सरकारने १९१० मध्ये ते विद्यालय बंद पाडले. हे दोन्ही प्रयोग मोलाचे होते, पण दोन्हींचा विद्यार्थी बहुतांशी एकाच वर्गातला होता. वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र आली तर काय करायचे, हा पेच तिथे फारसा उद्भवला नाही.

तो उद्भवला कोल्हापुरात. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे असे एक वसतिगृह काढले गेले. कागदावर ते सर्वांचे होते, प्रत्यक्षात मात्र ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले. महाराजांनी यातून जो धडा घेतला तो आजच्या वाचकाला खटकेल असा आहे. त्यांनी जातवार वसतिगृहांना हात दिला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, नंतर लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, पांचाळ असे एकेक समाज पुढे येत गेले. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या वसतिगृहाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीच्या नावावरून मिस क्लार्क बोर्डिंग म्हणत. शाहू महाराजांचे निधन १९२२ मध्ये झाले, तोवर कोल्हापुरात अशी वीसच्या आसपास वसतिगृहे उभी राहिली होती आणि शहराला वसतिगृहांची जननी हे नाव पडले होते.

हिशेब व्यवहारी होता. प्रत्येक समाजाला आपल्या मुलांसाठी पैसा उभारायला लावायचा, दरबाराने जागा, जमीन आणि वार्षिक मदत द्यायची. जातीचा अभिमान शिक्षणाच्या कामाला जुंपला तर मुले शिकतील, आणि शिकलेली मुले जातीपलीकडे जातील, अशी अपेक्षा त्यात होती. पहिला भाग खरा ठरला. दुसरा मात्र आपोआप घडणारा नव्हता, कारण जातवार वसतिगृहात मुलाला शिस्त, अभ्यास, वक्तशीरपणा सगळे शिकता येई, परंतु दुसऱ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी खाण्याची वेळ त्याच्यावर कधी येत नसे.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याला हे कोडे फार लवकर पडले. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात कारकून. भाऊराव राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होते, पण पुस्तकात त्यांचे मन कमी आणि तालमीत जास्त असे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, आणि परतल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला, असे त्यांची चरित्रे सांगतात. बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः सुधारक मताचे आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले गृहस्थ, पण बोर्डिंगचा नियम तो नियम. भाऊरावांना बाहेर पडावे लागले. त्यानंतर काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने ते राहिले. शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही.

या प्रसंगाला एक पुढचा भाग आहे आणि तो अधिक बोलका आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात सम्राटांच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या माणसाने बोर्डिंगातून काढले त्याच्याविरुद्ध खोटे बोलण्याची ही आयतीच संधी होती. भाऊराव बोलले नाहीत. त्यांना तुरुंगात डांबले गेले, मारहाण झाली, आणि छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. शेवटी सुटका झाली. शीलाबद्दल त्यांनी पुढे जे काही केले, त्याच्यामागे या अनुभवाचे वजन होते असे मानायला हरकत नाही. व्याख्यानातून मिळालेले शील असल्या कोठडीत टिकले असते का, अशी शंका घेण्याचा हक्क त्यांना नक्कीच होता.

साताऱ्यात शिकवण्या करून ते ‘पाटील मास्तर’ झाले होते. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत ते गावोगाव फिरले, साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्याबरोबरही त्यांनी काम केले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या बांधावर बसावे लागते. शेतकऱ्याचे पोर हुशार असले तरी चौथीनंतर गुरांमागे का जाते, हे भाऊरावांना त्या बांधावर कळले. सत्यशोधक चळवळीशी त्यांचा संबंध याच काळात घट्ट झाला. दुधगाव येथे त्यांनी मित्रांबरोबर विद्यार्थ्यांचा आश्रम काढून पाहिला होता. तिथे घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करून मुलांना जेवू घालण्याचा प्रयोग झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या बैठकीत रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. काले, नेर्ले अशा ठिकाणी छोटी वसतिगृहे निघाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि तिथे एका वसतिगृहाची सुरुवात झाली. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचे नामकरण ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे झाले. कोल्हापूरच्या बोर्डिंगांचे ऋण या नावात मान्य केलेले होते, पण आतली व्यवस्था कोल्हापूरच्या उलट होती. महार, मांग, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, सगळे एका छपराखाली, एका चुलीवर आणि एका पंगतीत.

भाऊरावांनी शिक्षणावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे विचार भाषणांत, पत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या आठवणींत विखुरलेले आहेत, आणि खरे सांगायचे तर भाषणे हे त्यांच्या विचारांचे सर्वांत उणे साधन होते. त्यांचा विचार समजून घ्यायचा तर साताऱ्यात धनिणीच्या बागेत असलेल्या त्या वसतिगृहाची दिनचर्या वाचावी लागते. पहाटे उठायचे. दळण, सरपण, पाणी, भाकरी, भांडी, झाडलोट या सगळ्या कामांना पाळ्या लावलेल्या. पगारी आचारी नाही, गडी नाही. ज्याची पाळी त्याने पीठ मळायचे आणि तव्यावर टाकायचे, मग तो पाटलाचा असो की तराळाचा. शंभर भाकऱ्या थापताना कुणाच्या हातची कुठली हे ताटात ओळखू येत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट या व्यवस्थेला साधायची होती. अस्पृश्यतेवर मुलांना प्रवचन दिले असते तर ते त्यांनी ऐकून सोडले असते. भूक लागलेली असताना समोर आलेली भाकरी नाकारणे मात्र अवघड, आणि एकदा खाल्ल्यावर घरी गेल्यावर त्याबद्दल खोटे बोलणेही अवघड. गावाकडे सुट्टीत गेलेल्या मुलाला आईबापांच्या, भावकीच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागे. शीलाची परीक्षा तिथे होई, बोर्डिंगात नव्हे.

चरित्रकारांनी नोंदवलेला एक विद्यार्थी म्हणजे ज्ञानदेव घोलप. हा महार मुलगा भाऊरावांनी शिकायला आपल्याजवळ आणला, आणि तो पुढे कायदेमंडळाचा सदस्य झाला. असे यश सांगायला सोपे असते. त्यामागची रोजची झीज सांगायला तितकीशी सोपी नाही, आणि ती झीज मुख्यतः एका बाईच्या वाट्याला आली.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरातून आलेल्या. नवऱ्याने घरात आणलेल्या अठरापगड जातींच्या मुलांचा स्वीकार त्यांनी सुरुवातीला सहज केला नसणार, पण एकदा केल्यावर त्या मुलांच्या आईच झाल्या. बोर्डिंगाला सरकारी अनुदानाचा आधार फारसा नव्हता. धान्य संपले की लक्ष्मीबाईंचे दागिने सराफाकडे जात. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही गहाण टाकून मुलांना जेवू घातले, ही हकिकत रयतच्या परिवारात आजही सांगितली जाते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने येते, तरी शिक्षणाच्या इतिहासात क्वचित येते. वास्तविक त्यागाचा जो धडा मुलांनी डोळ्यांसमोर पाहिला तो त्यांचा होता.

दुसरे साधन अंगमेहनत. मुलांनी शेतात काम करायचे, माळरान उकरून बाग करायची, खडी फोडायची, बांधकामावर दगडमाती वाहायची, आणि त्या श्रमाचा मोबदला त्यांच्या खर्चात वळता व्हायचा. ‘कमवा आणि शिका’ हे नाव याच व्यवस्थेला मिळाले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य आणि वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह. याच्या मुळाशी दोन कारणे होती आणि ती वेगळी ठेवून पाहिली पाहिजेत. पहिले कारण निव्वळ पैशाचे. मुले कामे करीत नसती तर बोर्डिंग चाललेच नसते. दुसरे कारण मानाचे. वारावर जेवणारा मुलगा कुणाच्या तरी उपकाराखाली वाढतो. भाऊरावांना रयतेच्या मुलाच्या मानेवर तो उपकार नको होता. पैसे नाहीत म्हणून काम करावे लागते, या लाजेचे रूपांतर काम करतो म्हणून कुणाचे देणे लागत नाही, या ताठपणात करणे हा त्यांचा खरा उद्योग. गरिबीवर इलाज म्हणून निघालेली युक्ती शिक्षणतत्त्व बनली ती अशी. ती तत्त्व म्हणून आधी सुचली आणि मग अमलात आली, असे नंतरच्या गौरवग्रंथांत कधी कधी लिहिलेले दिसते. क्रम उलटा होता, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

याचा तोटाही होता. दिवसातले अनेक तास अंगमेहनतीत गेलेला मुलगा रात्री कंदिलापुढे पुस्तक घेऊन बसे तेव्हा पेंगत असे. श्रमाची गोडी लागलेली मुले निघाली तशी श्रमाला कंटाळून पळून गेलेलीही निघाली असणारच, त्यांच्या आठवणी कुणी छापल्या नाहीत. भाऊरावांचा स्वभाव तापट, शिस्त कडक. तरीही बोर्डिंगाच्या कारभारात त्यांनी मुलांना बरीच मोकळीक दिली. स्वयंपाकाचा हिशेब, पाळ्यांची वाटणी आणि भांडणतंटे मुलांनी निवडलेले चिटणीस पाहत. पंधरा वर्षांच्या मुलाला शंभर जणांच्या डाळतांदळाचा हिशेब सांभाळायला दिला, तर प्रामाणिकपणा हा त्याच्यासाठी गुण राहत नाही, रोजची गरज होते.

१९३२ मध्ये पुणे करार झाला. स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यातील त्या समझोत्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात ‘युनियन बोर्डिंग हाऊस’ काढले. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले, कारण आता प्रश्न मुलांचा नव्हता, शिक्षकांचा होता. खेड्यात जाऊन राहील असा शिक्षक शहरातल्या अध्यापक विद्यालयातून मिळेना. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणांच्या जोरावर सातारा जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत शेकडो ऐच्छिक प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. १९४० मध्ये सयाजीराव महाराजांच्या नावाने साताऱ्यात माध्यमिक शाळा निघाली. फी नाही, राहण्याची सोय आहे आणि त्याच्या बदल्यात श्रम, असा तिचा करार होता. बोर्डिंगातली मुलेच पुढे संस्थेचे आजीव सेवक बनली. त्यांतले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, रयतचे काम त्यांनी पाहिले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपदही सांभाळले.

साताऱ्याचे बोर्डिंग उभे राहत होते त्याच वर्षांत खानदेशात, अमळनेरला, अगदी निराळ्या प्रकृतीच्या माणसाने वसतिगृहाचा प्रश्न हाताळला. पांडुरंग सदाशिव साने हे मूळचे दापोली तालुक्यातल्या पालगडचे. घरची गरिबी, म्हणून औंध संस्थानात जाऊन हाताने स्वयंपाक करत त्यांनी शाळा केली होती. तत्त्वज्ञानात एम.ए. होऊन अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते आले आणि १९२४ मध्ये तिथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले.

छात्रालयप्रमुख म्हणजे पहारेकरी, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. दिवे कधी मालवायचे, उशिरा आलेल्याला दंड किती, पत्रे उघडून वाचायची की नाही, एवढाच त्याचा व्याप. सान्यांनी हे काम उलटे केले. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्यांत जात, विस्कटलेली अंथरुणे घडी करत, पुस्तके लावत, केर काढत, कुणाचे मळके कपडे दिसले तर धुऊन टाकत. शिक्षा करायची नाही, बोलून दाखवायचे नाही. संध्याकाळी खोलीत आलेल्या मुलाला ती लख्ख खोली पाहून काय वाटे, हे सांगायला नको. काही दिवसांनी मुले स्वतःच खोल्या आवरू लागत. यात एक धोका होता आणि तो त्या पद्धतीच्या भक्तांनी फारसा विचारात घेतलेला नाही. दुसऱ्याच्या कष्टाने वाटणारी लाज सगळ्यांनाच सुधारत नाही, काहींना ती सवय होते. पण सान्यांच्या बाबतीत ती युक्ती नव्हती, स्वभाव होता. म्हणून ती चालली, आणि म्हणूनच तिची नक्कल करणाऱ्यांना ती जमली नाही.

त्यांचे दुसरे साधन लेखणी. छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. रात्री मुले झोपली की बसून लिहायचे आणि सकाळी मुलांपुढे ठेवायचे. त्यात गोष्टी, थोरांची चरित्रे, देशातल्या घडामोडी आणि छात्रालयातल्याच बारीकसारीक घटना येत. रोज एक अंक, तोही हाताने, ही मेहनत कुठल्याही संपादकाला दमवणारी आहे. नंतर त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही चालवले. १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, आणि छात्रालयातला हा प्रयोग सहा वर्षांत संपला. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. रात्रीच्या वेळी आश्रमातल्या मुलांना सांगितलेल्या आठवणी, ही त्या पुस्तकाची रचना छात्रालयातल्या लेखकाचीच आहे.

साताऱ्यात मुलाने स्वतःचे ओझे स्वतः उचलायचे होते. अमळनेरला कुणीतरी त्याचे ओझे मुकाट उचलून त्याच्या मनाला जाग आणत होते. पहिल्या वाटेने संस्था उभी राहिली, कारण पाळ्यांचे वेळापत्रक दुसऱ्या गावी नेता येते. दुसऱ्या वाटेने संस्था उभी राहिली नाही, कारण माणूस नेता येत नाही. दुसऱ्या वाटेचा वारसा पुस्तके, राष्ट्र सेवा दलातली शिबिरे आणि ‘साधना’ साप्ताहिक यांतून पसरला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली. हाताच्या उद्योगातून सगळे विषय शिकवायचे, असे तिचे सूत्र होते. ‘कमवा आणि शिका’शी तिचे साम्य वरवरचे आहे. वर्ध्याला सूतकताई हाच गणिताचा आणि भूगोलाचा धडा होता. साताऱ्यात गणित गणिताच्या तासाला आणि खडी खडीच्या वेळी, दोन्हींचा संबंध जोडण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही. कदाचित म्हणूनच साताऱ्याची पद्धत अधिक टिकली, कारण तिच्यासाठी विशेष प्रशिक्षित शिक्षक लागत नसे. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा आणखी एक स्वतंत्र प्रवाह होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांबरोबरही वसतिगृहांची सोय केली. तिथे अंगमेहनतीचा गौरव करण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण त्या मुलांच्या वाडवडिलांनी ती पिढ्यान्‌पिढ्या फुकट केली होती. अभ्यास हाच तिथला स्वाभिमान होता. श्रमाचा संस्कार कुणाला हवा आणि कुणाला नको, हे विचारल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही, एवढे या तुलनेतून दिसते.

या सगळ्या इतिहासात मुली फार कमी आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये काढलेला विधवाश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला आणि तिथे स्त्रियांचे वसतिगृही शिक्षण वाढले. पण तिथे समाजाला पटवायची गोष्ट वेगळी होती. मुलगी घराबाहेर राहूनही सुरक्षित आहे, हेच आधी सिद्ध करावे लागे. मुलांच्या बोर्डिंगात भाकरी थापणे ही क्रांती ठरली. मुलींच्या बोर्डिंगात तीच गोष्ट घरच्या कामाची पुनरावृत्ती झाली असती. रयतने साताऱ्यात शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय काढले, तरी एकाच चुलीवर सर्व जातींच्या मुलींचे जेवण, हा प्रयोग मुलांइतक्या व्यापक प्रमाणात झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर वसतिगृहांचे अर्थकारण बदलले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास त्यांच्या राजकीय मतांवरून मुंबई सरकारने रयतचे अनुदान रोखले, आणि ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. अनुदान परत मिळाले. पण अनुदानाबरोबर नियम आले, पगारी आचारी आले, लेखापरीक्षण आले. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आणि आश्रमशाळा पुढच्या दशकांत वाढत गेल्या. मुलांची पोटापाण्याची भ्रांत मिटली ही मोठीच गोष्ट होती. पाळ्या मात्र बहुतेक ठिकाणी गेल्या, आणि पाळ्यांबरोबर मुलांच्या हातातला कारभारही गेला. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षण आले. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता अशी दहा मूल्ये ठरली, ती परिपाठात आणि फलकावर आली. श्रमप्रतिष्ठेचा तास वर्गात बसून घेतला जाऊ लागला. रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत आणि त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी घरी राहून शिकतात. ‘कमवा आणि शिका’ हे नाव राज्यातल्या अनेक विद्यापीठांनी उचलले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याच नावाने चालते. तीत महाविद्यालयाच्या बागेत, ग्रंथालयात किंवा कार्यालयात तासावर काम करून विद्यार्थी थोडेफार पैसे मिळवतात, आणि महिन्याच्या शेवटी ते त्यांच्या बँक खात्यात जमा होतात. खेड्यातून शहरात आलेल्या आणि खाणावळीचा महिना कसा भागवायचा या विवंचनेत असलेल्या मुलामुलींची नावे या योजनेच्या यादीत दरवर्षी असतात.